दहानं भागलेला ताप

"कोण्या मुडद्यानं माझी पपई नागवी केली रे!"

मोठीमाय, म्हणजे माझी थोरली चुलती, परसातल्या झाडाखाली कमरेवर हात देऊन उभी होती. तिचा आवाज कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यांपर्यंत जाऊन, तिथं चहा पिऊन परत येत होता. झाडावर एक पान शिल्लक नव्हतं. वर चार हिरव्या पपया आणि खाली नुसता खांब.

"मला दोन पानं तरी ठेवायची व्हती!"

मी भिंतीआड चहाची बशी ओठाला लावून उभा. पानं कुणी नेली ते मला ठाऊक नव्हतं, पण काहून नेली ते पुरतं ठाऊक होतं. मोठीमायला स्वतःला दोन पानं कशाला हवी होती, हे मात्र मी विचारलं नाही. माझं डोकं तेव्हा मोबाइलमध्ये होतं.

नाक्यावर माझं पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान आहे. तार गुंडाळताना हाताला काम असतं, तोंड रिकामं. म्हणून मी मोबाइल समोर टेकवून थापा मारायला लागलो. माझं सोयाबीन इतकं वाढलं, की त्यावर चढून नांदेड दिसलं. माझी म्हैस रुसून सेनगावच्या जीपमध्ये जाऊन बसली आणि खिडकीची जागा मागायला लागली. लोक पाहायचे, हसायचे, पुढं पाठवायचे. बघता बघता मी एवढा प्रसिद्ध झालो, की हिंगोलीच्या बसस्टँडवर कुत्रीसुद्धा मला बघून बाजूला सरकायची.

माझं बोलणं कसं घ्यायचं, याची गावानं एक रीत बसवली होती. दहानं भागायचं. मी तीस हातांचा साप म्हटलं, की हॉटेलातल्या बाकावर कुणीतरी बोलायचं, "म्हणजे तीन." आणि खरं सांगतो, साप बराबर तीन हातांचाच निघायचा. माझ्या थापेच्या पोटात दहावा हिस्सा खरा असतो, असा गावाचा विश्वास होता. मलाही त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता डेंगूची साथ आली. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून घरोघर टाक्या, रांजण, पिंपं भरलेली. डासांची एवढी बडदास्त तालुक्याच्या ठिकाणीही कुणी ठेवत नसेल. दर दोन घरांमागं एक माणूस तापानं फणफणलेला. मी म्हटलं, चला, विषय मिळाला. मोठीमायच्या पपईखाली उभा राहिलो आणि सुरू झालो. मला ताप आला, मी पपईच्या पानांचा बादलीभर रस प्यालो, तसा ताप माझ्या अंगातून उडी मारून पळाला, पैनगंगा ओलांडून वाशीम जिल्ह्यात घुसला, आणि तिथं करमेना म्हणून अर्धं तिकीट काढून एसटीनं माफी मागायला परत आला. मागं मोठीमाय तूर निवडत बसली होती. ती इतकी हसली, की सुपातली तूर सांडली.

तो व्हिडिओ सेनगाव तालुक्यात जितकी माणसं आहेत त्यांच्या दुप्पट लोकांनी पाहिला. आणि गावानं आपल्या रीतीप्रमाणं हिशेब केला: बादलीला दहानं भागलं, कपभर आलं. कपभर रस दिवसातून तीनदा. पंचक्रोशीतली पपई आठवड्यात बोडकी झाली.

मोठीमायनं पपईखाली उभं राहून आरडाओरडा केला, त्याच दिवशी दुपारी वहिनी दुकानात आली. ही मोठीमायची सून, आमच्या गावची आशाताई. खांद्याला पिशवी, हातात वही, चपलेला चिखल.

"भावजी, तुमी डॉक्टर कव्हापासून झालात?"

"काहून, वहिनी?"

"सकाळपासून घरोघर फिरून राहिले. तापानं पडलेलं माणूस रक्त द्यायला उठंना. म्हणतेत, रस घेतलाय, भाऊनं सांगितलंय. एका घरात तर मलाच कपभर दिला."

"पण मी गंमत केली वहिनी!"

"मग आता गंमत न करता सांगा. अन् सरळ सांगा. म्हैस-बिस आणू नका मधात."

मी सांगितलं. मोबाइलसमोर ताठ उभा राहिलो आणि बोललो: ताप आला तर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासा. ताप उतरला तरी पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरडीतून रक्त आलं, तर थेट दवाखाना गाठा. पपईचा रस हे औषध नाही. माझा आवाज मलाच शोकसभेतल्यासारखा वाटला.

लोकांनी खाली लिहिलं, "भाऊ, तब्येत बरी हाय ना?" "वहिनीनं दम दिला वाटतं." संध्याकाळी हॉटेलात गेलो, तर एक जण बाकावर बसून माझ्याच व्हिडिओचा अर्थ लावत होता. "थेट दवाखाना म्हणतो ना हा? भागा दहानं. म्हणजे जमलं तर दवाखाना."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मोटार उघडून आत काय जळलंय ते बघताना वाटतं, तसं कुतूहल वाटलं. थाप पाय फुटून सगळ्या गावात जाते आणि खरं बोललं की ते दुकानाची पायरीसुद्धा उतरत नाही, हे कसं? माझं तोंड तेच, मोबाइल तोच. दोन दिवस मी हाच विचार करत तारा गुंडाळत बसलो आणि दोन मोटारी उलट्या फिरतील अशा बांधल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीची हाक आली. तिची हाक कधी मोठी नसते. त्या दिवशी होती.

सून गावाचा ताप मोजत फिरत होती आणि सासू आपला ताप पदराखाली झाकून बसली होती. चार दिवस. सुनेला आधीच तकलीफ, त्यात आपली कशाला, म्हणून बोलली नाही. सकाळी ताप उतरला, तशी उठून अंगण झाडायला लागली, शेजारणीला म्हणाली, "रसानं उतरला बाई." दुपारी पोट धरून बसली, दोन उलट्या झाल्या, हिरड्या लाल. फळीवर पितळी पेल्यात हिरवा गाळ होता, कुठून तरी मागून आणलेल्या पानांचा. वहिनीनं पेला उचलून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

मला दोन पानं तरी ठेवायची व्हती. आत्ता कुठं ते वाक्य माझ्या कानात शिरलं.

जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, पेशी फार खाली गेल्यात, दोन दिवस काही सांगता येत नाही. वहिनी बाकावर बसून राहिली. वहीत सासूचं नाव लिहिलं आणि तापाचे चार दिवस मागून भरले. ओरडली असती, तर मला चाललं असतं.

मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलो आणि हिशेब केला. गाव दहानं भागतं ना? मग आपण दहानं गुणायचं.

मोबाइल काढला. म्हटलं, अंग कोमट लागलं तरी घरात थांबू नका. चप्पल शोधू नका, अनवाणी पळा. तव्यावर भाकर असेल तर तव्यासकट या. रक्त काढणारी सुई बघून ताप रडायला लागतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि हो, पपईचा रस मी जन्मात कधी प्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या आरोग्य उपकेंद्रापुढं रांग लागली. लोक चप्पल घालून आले, भाकर खाऊन आले, पण आले. भागाकार बराबर सुटला. फक्त शेवटच्या वाक्यावर सगळे खदखदून हसले होते. "भाऊ, रस प्यालो न्हाई म्हणतो! काय फेकतो राव!"

दोन दिवसांनी मोठीमायच्या पेशी चढायला लागल्या. आठवड्यानं ती घरी आली. अर्धी झाली होती, आणि हे मी दहानं न गुणता सांगतोय. पपईला शेंड्यावर पोपटी पानं फुटली होती. मोठीमाय ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत बसली होती. मी समोर उकिडवा बसलो. मोबाइल घरीच ठेवला होता.

"मोठीमाय, चुकलं माझं. बादली सोड, त्या रसाचा एक घोटबी मी कधी घेतला न्हाई. मला तर तव्हा तापबी आला नव्हता. समदं खोटं व्हतं."

तिनं सुपातला एक खडा शोधला, अंगणात टाकला.

"मला वाटलं, दहातलं एक तरी खरं आसंल."