राणू सुताराचा रथ

सुतारमेटावर, सुताराच्या कामाच्या जागी, ढलप्यांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. ढलप्या निदान चुलीत जातात!

माझे वडील लाहोरच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. माझी शाळा आणि कॉलेज तिकडचंच. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मी गावी आले ती एक निश्चय घेऊन. आमचे पणजोबा, राणू सुतार, यांचं चरित्र लिहायचं! मला वाटलं होतं, तासगावच्या कचेरीत जायचं, नाव सांगायचं, की कागद हातात. प्रत्यक्षात मिळाली ती धूळ, शिंका आणि एक कारकून.

"पणजोबा शेती करीत होते?" कारकुनांनी विचारलं.

"नाही. सुतार होते."

"मग कुणाशी भांडले होते?"

"भांडतील कशाला?"

"बाई, सरकारदरबारी नाव दोघांचंच लागतं. सारा भरणाऱ्याचं, नाहीतर भांडणाऱ्याचं!"

घरी येऊन मी हे माझ्या चुलत्यांना, आण्णांना सांगितलं. त्यांनी रंधा खाली ठेवला. चेहरा नुसता फुलला.

"भांडण? आपल्या घराण्यात? मग नाव घावंलच की!"

*

आण्णांचाही जीव यात अडकला होता. जत्रेत देवाचा रथ ओढण्याआधी चाकाच्या खिळीवर हातोड्याचा पहिला घाव घालतात. तो मान, आणि त्याच्या आमंत्रणाचा नारळ, दर साल ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या दादू सुताराच्या घराकडे. रथ आपल्या आज्यानं केला असं आण्णा जन्मभर सांगत आले, पण ऐकतो कोण! दर जत्रेला ते गर्दीत मागं टाचा उंचावून उभे राहायचे आणि घाव पडला की घरी निघून यायचे.

"आण्णा, मी प्रूफ आणते," मी म्हटलं.

"ते काय आसतं ते आण, पर जत्रंआदी आण!"

*

आणि सापडलं! कचेरीत जुन्या कागदांचं फडक्यात बांधलेलं एक गाठोडं, सगळं मोडीत. मला मोडीचं अक्षर येत नाही. कारकुनांनी राणूचं नाव असलेल्या कागदाची नक्कल दिली, ती गावच्या म्हाताऱ्या बापू कुलकर्ण्यांनी चष्मा पुसून वाचली. गावकऱ्यांचा अर्ज होता. 'राणू सुतार ऐन पेरणीच्या तोंडावर आमच्या तिफणी टाकून देवाच्या रथाचे हत्ती कोरीत बसतो. त्यास ताकीद व्हावी.'

मी टाळ्या पिटत उभी राहिले. "रथ! रथ त्यांनीच केला!"

आण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "तक्रार हाय ती, पोरी. नाचतीस काय?"

*

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी तात्या माने मेटावर हजर.

"आण्णा, माज्या तिफणीचा फण कवा बसीवणार? का मी बी सरकारात लिवू?"

"लिव की," आण्णा म्हणाले. "माज्या पणतीला कामाला यील!"

*

पंचांनी अर्जाची नक्कल ऐकली आणि निकाल दिला. यंदा मानाचा नारळ वाडीला जायचा नाही, पहिला घाव आण्णांचा! नारळ आमच्याच घरी आणून ठेवला. आण्णांनी पटका धुतला आणि अंगणात येरझाऱ्या घालत हवेतच हातोडा मारून बघू लागले. आत्या म्हणाली, "आवं, देवाचा रथ हाय, मोडशीला!"

*

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी हेळवी आला. बैलावर बसून गावोगाव फिरणारा आणि घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारा हा माणूस. आत्या सूपभर जोंधळे घेऊन निघालीच होती. मी तिला अडवलं, त्याला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "राणू सुताराचं सगळं सांगा. शेवटपर्यंत!"

त्यानं डोळे मिटून सुरुवात केली. राणूनं रथ केला, हत्ती कोरले, गाव डोललं. मी आण्णांकडे बघत होते, आण्णा छाती काढून बसले होते.

"आन पयल्याच ओढीला चाकांचा आस मोडला," हेळवी म्हणाला. "देव वाटंत आडला. गाव हासलं. राणू मेटावर त्वांड लपवून बसला. तवा वाडीचा भिवा सुतार आला, दादूचा आजा. सोताच्या गाडीसाठी ठेवल्याली बाभळ घिऊन आला. त्यानं नवा आस बशीवला, कुणाला बोल लावला न्हाई. राणूनं आपला हातोडा त्येच्या हातात दिला. म्हनला, भिवा, रथ माजा, पर चालीवला तू. पयला घाव तुज्या घरचा."

आण्णा उसळले.

"आरं, मग हे आदी का सांगितलं न्हाईस रं?"

"दरसाल सांगतुय की, आण्णा," हेळवी शांतपणे म्हणाला. "हत्ती कोरून झालं की तुमी जोंधळं घालता आन मला वाटंला लावता!"

सकाळी मी नारळ उचलला आणि उंबऱ्याबाहेर पडले. आण्णा अंगणातच उभे होते, पटका बांधलेला.

"कुटं?"

"वाडीला. दादूकाकांना बोलवायला."

आण्णांनी ओढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्येचं घर तुला म्हाईत तरी हाय व्हय?"

त्यांनाच यायचं होतं, मी ओळखलं. नारळ त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या मागोमाग चालू लागले.