चंद्रभागाकाकूंचा इंटरकॉम

चंद्रभागाकाकू गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या, हे कळल्यापासून माझा डोळा लागत नाही. गुणाजीकाका गेल्यापासून कोपर गावातल्या घरात त्या एकट्याच असतात.

सत्त्याऐंशी साली आम्ही त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. त्यांच्या भावाने दुबईहून इंटरकॉमचे दोन डबे आणले होते. प्लगमध्ये खोचले की आवाज घरातल्या विजेच्या तारांतूनच जायचा. वरचा डबा लेकीच्या पाळण्याजवळ चालू ठेवून मी अंगणात धुणं धुवायला जायचे. खालच्या डब्यातून रडणं आलं की काकू खिडकीतून ओरडायच्या, "गो बाय, पोर ररते तुजी!"

एकदा त्या आपल्याच डब्याचं बटण बंद करायला विसरल्या आणि मासळी न आणणाऱ्या काकांना त्यांनी मनसोक्त झापलं. शेजाऱ्यांकडेही तसेच डबे होते आणि वीज एकाच खांबावरून. त्यांच्याही डब्यांतून ते सगळं ऐकू गेलं आणि ते हसत अंगणात आले. काका वैतागले, "अगो, गावाला आयकवतंस!"

"आयकू दे! कलू दे, कसा नवरा हाय तो!"

आता त्या घरात त्यांची हाक ऐकणारं कोणी नाही. ठाण्याला आमच्याकडे या म्हटलं, तर घर सोडवत नाही म्हणतात. बरीच रात्र झाली आहे, तरी आत्ताच फोन करते. त्या येत नसतील, तर उद्या मीच तिकडे राहायला जाते.