पंचवीसच्या खाली

श्रीदेवीबाईंना गणिताची बाई व्हायचंच नव्हतं. नौबादच्या मराठी शाळेत असताना त्या भाषा विषयात पहिल्या यायच्या. पण आळंदच्या पुढं, कन्नड मुलखाच्या सीमेवरच्या त्या गावात मराठी शाळेतली गणिताची जागा कितीतरी वर्षं रिकामी पडलेली, म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात आला. नवरा पुण्याला कंपनीत, यायचा तो सणासुदीला. बाई पहाटे देवापुढं दिवा लावायच्या आणि तिथंच बसून त्या दिवसाची गणितं आधी आपण सोडवून बघायच्या. चुकलं तर देवासमोर चुकू दे, पोरांसमोर नको, असं त्यांचं म्हणणं.

सातवीला रेषालेखाचा धडा आला. पुस्तकात कुठल्याशा शहराचं तापमान होतं. पोरं ठिपके द्यायची, जोडायची आणि बाजूला ठेवायची. रेघ काय सांगते ते कुणालाच कळत नव्हतं. मग बाईंनी पोरांची वजनंच घेतली. शाळेशेजारी किशनरावाचं रेशन दुकान होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पोरं त्याच्या काट्यावर उभी राहायची, आणि जूनपासूनची वजनं बाईंनी टिपून ठेवली होती. दसरा झाल्यावर भिंतीवर मोठा कागद लागला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो, प्रत्येक पोराचा रंग वेगळा. पंचवीसपेक्षा हलकं कुणीच नव्हतं, म्हणून उभी रेषा पंचवीसपासूनच सुरू केली आणि तळाशी नागमोडी खूण काढून बाईंनी सांगितलं, "हितं मधलं गाळलंय, ध्यानात ठेवा."

ते सगळ्यात आधी ध्यानात आलं रेणूच्या. तिची रेघ हिरवी. ऑक्टोबरपर्यंत ती सगळ्यांबरोबर वर चढत होती. नोव्हेंबरात खाली वळली, डिसेंबरात आणखी खाली आली. जानेवारीचा ठिपका दिला तेव्हा पोरगी अठ्ठावीसवर होती.

वर्गातला माठ रेणूच रिकामा करायची. तासाला दोनदा-तीनदा बाहेर जायची. पोरं हसायची, "बाई, रेणूला टाकीच आणा!" बाईंनी तिच्या आईला, नागूबाईला, दोनदा निरोप धाडला. नागूबाई बांधावरूनच बोलली, "दोन भाकरी जास्त खायलीय बाई ती. आजारी लेकरू खातंय व्हय? पोरगी लांब व्हायलीय, दुसरं काय न्हाई."

बाईंना तरी कुठं काय कळत होतं? खाणारं लेकरू वाळतंय एवढंच दिसत होतं, आणि ते त्यांना झोपू देत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी शिवाप्पा, रेणूचा बाप, वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मागं नागूबाई. शिवाप्पाच्या बापाची मेंढरं होती. शिवाप्पा पुण्याला इमारतींवर सेंट्रिंगचं काम करायचा. तुरीच्या राशीसाठी गावी आला होता, संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचा होता.

"बाई, तो कागद काढा."

"कामून?"

"कामून म्हणून काय इचारायलाव!" नागूबाई पुढं आली. "लेकराचं वजन कुणी भिंतीवर लावतंय व्हय? येणारा-जाणारा बघायलाय. माझ्या पोरीला दिष्ट लागली तुमच्या कागदाची. तुम्हीच सांगा, कागद लावल्यावरच पडली का न्हाई रेघ?"

बाईंनी कागदाकडं पाहिलं. दसऱ्याला कागद लागला, दिवाळीनंतर रेघ वळली. कागदावर तसंच दिसत होतं. आपली मुलं लहान होती तेव्हा बाई स्वतः त्यांच्या कानामागं काजळाचा टिळा लावायच्या. दिष्ट खोटी असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. माझ्यामुळं तर नाही ना झालं हे, देवा?

"आणि काटा कुणाचा?" शिवाप्पा म्हणाला. "किशनरावाचा! त्याचा काटा कवा खरं बोलला हाय, बाई? त्याच्या काट्यावर हत्ती उभा करा, शेळी भरल."

पोरं खो खो हसली. बाईंना मात्र त्या हसण्यात जरा श्वास घ्यायला फुरसत मिळाली.

"काटा खोटा असता शिवाप्पा, तर सगळ्यांच्याच रेघा खाली आल्या असत्या. ह्या बघा बाकीच्या. चढायल्यात का न्हाई? खाली येणारी एकच हाय."

शिवाप्पा कागदाजवळ गेला. अक्षर त्याला जेमतेम यायचं, पण रेघ कुणालाही दिसते. त्याचं बोट हिरव्या रेघेवरून घसरत आलं आणि थांबलं. तिथून कागदाचा तळ तीन बोटांवर होता.

"बाई," त्याचा आवाज उतरला, "ही तळाला चाललीय. तळाला काय हाय?"

बाईंच्या ओठावर उत्तर आलं होतं. तळाला पंचवीस आहे, शून्य नाही. दिसतं तेवढं ते खोल नाही. रोज पोरांना त्या हेच शिकवायच्या. पण शिवाप्पाचा चेहरा त्यांनी पाहिला. तो भ्यायला होता. भ्यालेला बाप दवाखान्यात जाईल. धीर आलेला बाप मैलारदेवाला नारळ बोलेल आणि संध्याकाळची गाडी पकडेल.

त्या गप्प राहिल्या.

"अप्पा, तळाला पंचवीस हाय," मागच्या बाकावरून रेणू बोलली. उठतानाही तिनं बाक धरला होता. "शून्य न्हाई ते. खालचं गाळलंय बाईनं, ती नागमोडी खूण बघा. लई पडल्यावानी दिसतंय, तेवढं न्हाई. मला काई झालं न्हाई अप्पा. मला दवाखान्यात नको."

शिवाप्पानं बाईंकडं पाहिलं. "खरं म्हणायलीय का पोरगी?"

नाही म्हणावं तर शिकवलेलं सगळं खोटं, व्हय म्हणावं तर पोरगी हातची जाते. बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली.

"बरोबर हाय तिचं," त्या म्हणाल्या. "रेणू, इकडं ये. डिसेंबरचा अन् जानेवारीचा ठिपका धरून पट्टी लाव. रेघ अशीच गेली तर फेब्रुवारीला कुठं जाईल? काढ."

रेणू आली. तिनं पट्टी लावली, पेन्सिल फिरवली. रेघ अगदी कागदाच्या कडेला टेकली.

"मार्चला?"

"बाई, पुढं कागद न्हाई."

"भिंत हाय की."

पोरीनं पट्टी खाली सरकवली. पेन्सिलीचं टोक चुन्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं. ओढावं की ओढू नये, तिला कळेना. तिचा श्वास मोठमोठ्यानं चालला होता, धावून आल्यासारखा. आणि धावली तर ती कुठंच नव्हती.

"बस कर!" शिवाप्पा ओरडला. त्यानं तिच्या हातातली पेन्सिल हिसकून घेतली. "बस कर, अव्वा, माझे आई."

"रेघ तशीच जाईल असं मी म्हणत न्हाई," बाई हळू म्हणाल्या. "वळंल सुद्धा. पण ती आपोआप वळायची वाट मी बघणार न्हाई. नागूबाई, दिष्ट काढायची तर आत्ता काढा, मीठ-मिरच्या मी देते. कागदही काढते. पण त्यानंतर सरळ गुलबर्ग्याला. मी येते संगं."

नागूबाईनं तिथंच शाळेच्या पायरीवर लेकीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या. बाईंनी डोळे मिटून हात जोडले. मग जीप, मग आळंदहून बस. वाटेत कडगंचीच्या अलीकडं रेणूनं दोनदा ओकलं. नंतर तिला नीट शुद्धच राहिली नाही. हाक मारली की "हूं" म्हणायची, आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. शिवाप्पा तिला मांडीवर घेऊन बसला होता आणि दर थांब्याला ड्रायव्हरला कन्नडमध्ये विनवत होता, पुढं चल, अण्णा, पुढं चल.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बोट टोचून रक्त पाहिलं आणि पळापळ सुरू झाली. रक्तात साखर झाली होती, फार झाली होती. उद्यावर टाकलं असतं तर पोरगी हाताला लागली नसती, असं डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले. शिवाप्पाला कन्नड बाईंपेक्षा चांगलं यायचं, तरी तो वळून बाईंनाच विचारत होता, "काय म्हणायलेत? काय म्हणायलेत?"

तिसऱ्या दिवशी पोरगी शुद्धीवर येऊन बसती झाली. रोज सुई घ्यावी लागेल, आयुष्यभर, असं नर्सनं सांगितलं आणि घरी कुणीतरी टोचायला शिका म्हणून शिवाप्पाच्या हातात सिरिंज दिली. त्यानं ती खाली ठेवली. "मेंढराला दिल्यात सिस्टर, हजार दिल्यात. हिला कसं टोचू?"

शनिवारची शाळा बुडली होती, सोमवारची बुडवून चालणार नव्हती. दुपारच्या बसनं निघण्याआधी बाई खाटेजवळ गेल्या. रेणूनं तोंड भिंतीकडं केलं.

"तुम्ही मला भिववलाव, बाई."

"व्हय."

"मी बरोबर सांगितलं व्हतं."

"बरोबरच सांगितलं व्हतंस."

"मग?"

देवापुढं बसून सोडवून बघावं असं हे गणित नव्हतं. नर्स दुसऱ्यांदा सिरिंज भरून आली आणि बापाकडं, आईकडं आळीपाळीनं बघत उभी राहिली. नागूबाईनं पदर तोंडात धरला होता.

"मला दावा, सिस्टर," बाई म्हणाल्या. "मी शिकते. रोज सकाळी शाळेआधी हिच्या घरी जाईन."

रेणूनं हात पुढं केला. तोंड मात्र भिंतीकडंच ठेवलं.