त्याच्या आधी काय झालं?

आमच्या परळच्या क्लिनिकमध्ये माणसं येतात वजनासाठी आणि सांगून जातात भलतंच! मी आहारतज्ज्ञ. वीस वर्षं लोकांना काट्यावर उभं करतेय. रोज घरी जाऊन नवऱ्याला एक तरी किस्सा सांगते. तो अर्धा ऐकतो आणि म्हणतो, "अगं, लिहून ठेव ना!" म्हणून लिहिते. नावं बदललीत. स्वभाव कसे बदलणार?

शेजारच्या खोलीत आमचे मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. ज्यांची चिंता पोटावर उतरते, त्यांना ते माझ्याकडे धाडतात. औषध आणि बोलणं त्यांच्याकडे, ताट माझ्याकडे. दर गुरुवारी डॉक्टर, मी आणि असे तीनचार जण गोल करून बसतो. प्रत्येकाच्या हातात वही, वहीत तीन रकाने: काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याच्या आधी काय झालं. खरी मजा तिसऱ्या रकान्यात!

*

सावंतकाका गोदीतून रिटायर झालेले. जन्म नायगावच्या चाळीत तळमजल्यावर गेला, आता टॉवरमध्ये अठरावा मजला. वर्षभरात वजन नऊ किलो वर. पहिल्या आठवड्याची वही बघितली तर चहा, भाकरी, डाळ, चहा. बस!

"काका, एवढ्यावर माणूस वाळतो. तुम्ही फुगताय कसे?"

काका विचारात पडले. "मॅडम, उभ्याने खाल्लेलं पण लिहायचं होतं?"

पुढच्या गुरुवारी वही भरली. वडापाव, लिफ्ट. भजी, लिफ्ट. परत वडापाव, लिफ्ट. मी चक्रावले. "लिफ्टमध्ये खाता?"

"छ्या! लिफ्टच्या आधी. दार बंद झालं की छातीत धडधडतं हो. म्हणून आधी खाली गाडीवर थांबतो. म्हटलं, जरा धीर येऊ दे."

"येतो?"

"तिसऱ्या वड्याला येतो!"

*

प्रज्ञाचं उलटं. चिंचपोकळीची सव्वीस वर्षांची पोर, ऑफिसात एकदम तेज. वजन एकोणचाळीस किलो. चारचौघांत जेवायला बसली की घास अडकणार, आपण सगळ्यांसमोर ओकणार, ही धास्ती. घरी ताट घेऊन खोलीत जाते, दार लावते, मग जेवते. होणाऱ्या नवऱ्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि लग्न दोन महिन्यांवर!

लग्न म्हटलं की केळवणं आली. ताटाभोवती रांगोळी, नवरी मधोमध, आणि अख्खं गणगोत तिच्या तोंडाकडे बघत बसलेलं. "घे गं, लाजतेस काय!"

मावशीकडे फोटोसाठी सगळे मोबाईल शोधायला उठले, तेवढ्यात हिने चार पुऱ्या पर्समध्ये कोंबल्या. वर वाटीभर श्रीखंड! मग बसमध्ये त्याच पर्समधून तिकिटाचं कार्ड काढलं. कंडक्टरने ते दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, "ताई, हे मशीनला नको, वाटीत द्या!"

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मावशी म्हणते, लग्नासाठी काय मस्त बारीक झालीस! कसं केलंस, मला पण सांग."

मला त्या न बघितलेल्या मावशीचा असा राग आला म्हणून सांगू!

*

गिरगावच्या कामतवहिनी म्हणजे उपवासांचं दुकान. काळजी वाटली की देवाला एक वार देऊन मोकळ्या. आठवड्यातले चार दिवस साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे लाडू. वजन वाढणार नाही तर काय होणार?

मी म्हटलं, "वहिनी, एखादा वार सोडा की."

"कुठला सोडू? सोमवार मुलाच्या नोकरीचा. मंगळवार ह्यांच्या बीपीचा. गुरुवार सुनेच्या बाळंतपणाचा."

"आणि शनिवार?"

"शनिवार माझं वजन उतरावं म्हणून!"

प्रज्ञा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली आणि खो खो हसली.

*

"मॅडम, तुमची वही कुठेय?" एकदा काकांनी मलाच पकडलं. म्हटलं, मी कशाला घाबरते? पण लिहायला घेतली. आठवडाभराने बघते तर तिसऱ्या रकान्यात काही नाही, सगळं छान. मी मिरवत वही पुढे केली.

आमची रिसेप्शनवरची शालन दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईचा फोन आला की मी खारीची बरणी लपवते. कधीपासून लपवतेय!"

तेव्हापासून मी कुणाच्या वहीला हसत नाही. पण कुतूहल काही जाईना. एकच भीती, काकांना फुगवते आणि प्रज्ञाला वाळवते. असं का? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "थोडं कळलंय. पूर्ण कळलं की पहिलं तुम्हाला सांगतो."

*

मग एका गुरुवारी प्रज्ञा आली ती उभीच राहिली. "मी लग्न मोडतेय."

"कित्याक गो?" काका मालवणीवर आले.

"केळवणं काय, संपतील काका. पण नंतर रोज निखिलसमोर जेवायचंय. मी किती वर्षं पर्समध्ये पुऱ्या भरू?"

वहिनींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "मोडायचं की नाही ते नंतर ठरव. आधी त्याला खरं सांग."

तिने सांगितलं. पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे टपूनच बसलेलो. "काय म्हणाला?"

"म्हणाला, मग मी काय करू ते सांग. आणि मी फोनच ठेवून दिला."

काकांनी वही मिटली. म्हणाले, "आपण करूया हिचं केळवण. इथंच. पण बघायचं नाही कुणी."

डॉक्टर म्हणाले, "तिला चालणार असेल तरच." प्रज्ञाने दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली. वर म्हणाली, "निखिललाही बोलावते."

शालनने वेटिंग रूममध्ये रांगोळी काढली. वहिनींनी घरून वरण-भात, बटाट्याची भाजी, पापड आणले, गुरुवार असूनही स्वतःचं ताट वाढून घेतलं. प्रज्ञाचं ताट मधोमध. आणि डॉक्टर, शालन धरून आम्ही सहा जण, मांडीवर ताटं घेऊन, भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर! क्लिनिकमध्ये कुणी आलं असतं तर शिक्षा झालीय असंच वाटलं असतं.

निखिल माझ्या शेजारी. चांगला उंचापुरा पोरगा, पण कान लालभडक. समोर कडधान्यांचा तक्ता होता, तो वाचत असल्यासारखा बघत होता. भात कालवून ठेवलेला, घास काही उचलत नव्हता.

मागे काहीच आवाज नाही. काका भिंतीलाच हळू म्हणाले, "सावकाश गो बाय." वाटलं, उगाच केलं हे, पोरगी आता उठून जाणार.

मग मागे पापड मोडला. थोड्या वेळाने वाटी सरकली. वहिनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. बहुतेक बुधवारही देवाला गेला!

आणि मग प्रज्ञाचा आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा.

"निखिल, तू वळलास तरी चालेल. बाकीच्यांनी नको!"