पंचवीस तारखेचा कार्यक्रम

आईने मला सांगताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "समोरच्यांना बोलावून ये. नाताळ आहे म्हणून सांग आणि त्याच दिवशी घराची प्रार्थना ठेवलीय, तेही सांग. दोन्ही सांग."

लातूरच्या या घरात येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. नवं प्लॉटिंग, निम्मे प्लॉट अजून रिकामे, आणि आमच्या गल्लीत तेव्हा राहती घरं दोनच: आमचं आणि समोरचं. समोर एक काकू आणि त्यांच्या सासूबाई राहायच्या. काकूंचे मिस्टर अडतीवर जायचे, ते सकाळी निघाले की रात्रीच दिसत. दोघी बायका दुपारी दारात बसून तूर निवडायच्या, आणि आमच्या घरात काय काय सामान उतरतंय ते सगळं त्यांनी बघितलं होतं.

मी गेले तेव्हाही त्या तिथेच होत्या. मी तोंड उघडायच्या आतच काकू म्हणाल्या, "काय गं माय, वास्तुशांत कवा हाय तुमची? राहायलाच आलाव की डायरेक्ट."

"पंचवीसला," मी म्हणाले. "संध्याकाळी पाच वाजता. आईने तुम्हा दोघींना बोलावलंय."

"पंचवीसला मुहूर्त हाय व्हय?"

"पप्पांनी ठरवलंय."

आजींनी सुपातून मान वर केली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. "पूजेला कोण हाय? आमच्या स्वामींला सांगू का? चांगलं सांगतेत."

"नको आजी. आमचे आहेत."

ते खोटं नव्हतं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब येणारच होते. पण मी रस्ता ओलांडून परत आले आणि आईने "सांगितलंस?" विचारल्यावर "हो" म्हणाले, ते मात्र खोटं होतं.

आमच्या आडनावावरून काही कळत नाही. पप्पांचं मूळ गाव मुखेडकडचं, आणि आमच्या आडनावाची निम्मी माणसं तिकडे देवळात घंटा वाजवतात. नांदेडच्या इंग्रजी शाळेत नाताळ सगळ्यांचाच असायचा. लाल टोप्या, केक, स्टेजवर नाच. तो माझ्या घरीही असतो हे पाचवीत एका मैत्रिणीला कळलं आणि तिने डबा खाता खाता विचारलं, "म्हणजे तुम्ही कन्व्हर्ट झालात का? केव्हा?" तिने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. तरी मी डबा अर्धाच बंद केला. तेव्हापासून मी शक्यतो विषयच येऊ देत नाही. कॉलेजात तीन वर्षं डिसेंबरच्या सुट्टीत मी "गावी" जात होते.

आईचं उलट होतं. नांदेडला आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्यांच्या जिन्यात एका नाताळला चर्चची मंडळी गाणी म्हणायला आली, पेटी-ढोलकी घेऊन. दुसऱ्या आठवड्यात घरमालकांच्या भावाला आमची खोली लागायला लागली. त्यानंतरच्या घरात आईने नाताळची चांदणी गॅलरीत न लावता आतल्या खोलीत, पडदा ओढून लावली. लातूरला घर घेतल्यावर मात्र पहिल्याच दिवशी, सामान टेम्पोतून उतरत असताना म्हणाली, "या घरात लपूनछपून काही करायचं नाही." पप्पा गॅसची टाकी उचलत होते. ते "हं" म्हणाले. मीही काहीतरी म्हणाले असेन.

त्या दोन दिवसांत मी किती वेळा रस्ता ओलांडायला निघाले ते मला आठवत नाही. एकदा विरजण मागायच्या निमित्ताने गेले आणि विरजण घेऊन आले. एकदा फाटकापर्यंत गेले, तर आजी म्हणाल्या, "तुमचा दिवाळीचा कंदील लई उशिरा लागला बघ." आईने गॅलरीत पाच टोकांची मोठी पांढरी चांदणी टांगली होती. मी हसले. सांगायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती, आणि मी नुसतं हसले.

घरात आई मात्र त्यांच्यासाठी राबत होती. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आमच्याकडे नाताळला असतातच. पण त्या वर्षी तिने केकही बिनअंड्याचा केला. दोन फसले, तिसरा जमला. बिर्याणी दुसऱ्या दिवसावर ढकलली. पप्पा म्हणाले, "नाताळला घरात भाजी-पुरी? माझ्या जन्मात नाही झालं असं."

"लिंगायत आहेत ती माणसं. घरात तो वास असला तर बसतील का?" आई म्हणाली. "सगळं माहीत असून येतायत. आपण एवढं करायला नको?"

सगळं माहीत असून. मी चाळणी धुवायला घेतली. ती आधीच धुतलेली होती.

पंचवीसला सकाळी आम्ही उपासनेला जाऊन आलो. आलो तर नळाला पाणी आलं होतं, नवव्या दिवशी. हौद, टाक्या, बादल्या भरण्यात दुपार गेली याचं मला बरंच वाटलं. चार वाजता खुर्च्या मांडल्या. साडेचारला मी त्या पुसल्या. मग गच्चीवर गेले, समोरच्या दारात कोणी दिसतंय का बघितलं, खाली आले, पुन्हा वर गेले. आई म्हणाली, "एका जागी बस की. तुला बघायला येतायत का?"

पाचला पाच मिनिटं कमी असताना त्या दोघी आल्या. आजींनी नवं इरकल नेसलं होतं. काकूंच्या हातात ताट: नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं.

"या, या," आई म्हणाली. ताटाकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा आवाज थोडा खाली आला. "हे कशाला आणलंत?"

"असू दे की. वास्तूला मोकळ्या हातानं येतेत का?" आजी खुर्चीवर बसल्या आणि गुडघे दाबत म्हणाल्या, "सकाळपासनं पाण्यावर हाय मी. म्हणलं पूजा झाल्यावरच तोंडात काही घालू. कुठं मांडलीया पूजा?"

कोपऱ्यात टीपॉयवर आम्ही गव्हाणी केली होती. गवत, मातीची मेंढरं, मरिया, बाळ. आजींनी तिकडे पाहिलं, मग भिंतीवर पाहिलं, मग दाराकडे. दारात पाळकसाहेब स्कूटर लावून, काखेत बॅग धरून चपला काढत होते. शर्ट-पँट घातलेले. पप्पा "सलाम साहेब" म्हणत पुढे झाले.

आई माझ्याकडे वळली. ती सहज बोलू शकली असती, सारवासारव करू शकली असती. तिला ते छान जमतं. पण ती पदराला हात पुसत नुसती उभी राहिली, आणि ती बोलणार नाही हे मला कळलं.

"आजी," मी म्हणाले, "पूजा नाहीये. आम्ही ख्रिश्चन आहोत. आज नाताळ आहे आणि घराची प्रार्थना आहे. आईने मला हेच सांगायला पाठवलं होतं. मी सांगितलं नाही."

काकूंनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मग मी दिवसभर उपाशी कशाला मेले गं?" आजी म्हणाल्या.

पप्पांना हसू आलं, ते त्यांनी खोकून घालवलं. कोणीच हसत नाही हे बघून आजीच पुढे म्हणाल्या, "कवापासनं हाव तुम्ही त्यातले?"

तोच प्रश्न. आई म्हणाली, "माझ्या आजोबांच्या आधीपासून. तेही याच भागातले, कंधारचे."

"हां," आजी म्हणाल्या, जणू कोणाच्या तरी सोयरिकीचा पत्ता लागला. मग ताटाकडे बोट केलं. "आन् ह्याचं काय करू आता?"

"नारळ आम्ही पण खातो आजी," पाळकसाहेब दारातून म्हणाले.

काकू मात्र दाराकडे वळल्या. "चला आत्याबाई. उपाशी हाव, घरी जाऊन महादेवाला दाखवून खावा काहीतरी." आवाजात राग नव्हता, पण त्या आईकडे बघत नव्हत्या. आजी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. नारळ आणि खण त्यांनी खुर्चीवर ठेवला, बेल परत नेला. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी प्रत्येक खोलीत जाऊन हात वर केले, स्वयंपाकघरातसुद्धा. गीत म्हटलं तेव्हा चौघांचेच आवाज होते आणि माझा तर जवळजवळ नव्हताच. आई डोळे मिटून गात होती, जोरात, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या जोरात. ती माझ्यावर चिडलीय हे मला तिच्या गाण्यावरून कळत होतं.

पाळकसाहेब जेवून गेल्यावर मी ताट भरलं. आईने मला सांगितलं नव्हतं. करंज्या, चकल्या, केकचे दोन तुकडे. ते घेऊन रस्ता ओलांडला, तर समोर आजी ओट्यावर बसून दूध-भाकर खात होत्या. काकू आतून आल्या आणि चौकटीत थांबल्या.

"नाताळचा फराळ आहे," मी म्हणाले. "आमच्या नाताळचा. केकमध्ये अंडं नाही, आईने तुमच्यासाठी वेगळा केलाय. चूक माझी होती, तिची नव्हती."

काकूंनी आजींकडे पाहिलं. आजींनी तोंडातला घास संपवला. "ठेव तिथं," त्या म्हणाल्या. मी ताट ओट्यावर ठेवलं. त्यांनी वाटीतलं दूध पिऊन घेतलं.

घरी आले तर आई रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत होती.

"काय म्हणाल्या?"

"ठेव म्हणाल्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

मी सांगितलं. ती थांबली. "काय म्हणालीस ते म्हण. जसंच्या तसं."

मी पुन्हा म्हणाले, शाळेत उभं करून म्हणायला लावतात तसं, तिच्यासमोर, एका हातात खुर्ची धरून. आमच्या नाताळचा, म्हणाले. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढंच तर होतं," ती म्हणाली. "परवा म्हणायला काय झालं होतं?"

उत्तराची वाट न बघता तिने माझ्या हातातली खुर्ची घेतली आणि आत गेली.