ऑर्गनला हवा देणारे हात

देवीवर रुसावं इतकी मी तिची लाडकी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी गेल्या वर्षी मी रुसले. अर्धांगवायूचा झटका आला, त्यातून जीभ आणि हात सावरले, पण डावा पाय काही पुरता परत आला नाही. लातूरच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवलं आणि घरी ऑर्गन वाजवला. हा जुन्या संगीत नाटकांतला ऑर्गन. दोन्ही पावलांनी आळीपाळीनं भाता दाबत राहिलं तरच तो बोलतो. पाय थांबला की स्वर गेला. बोटं धडधाकट आणि वाद्य मुकं. माहूरला गेले, तर पायऱ्या चढवेनात. खालूनच रेणुकामाईला हात जोडले आणि म्हटलं, एकदाच लोकांसमोर पुरता राग वाजवू दे. तेवढ्यापुरता पाय दे.

नवरात्रात नांदेडला एका देवीमंदिराच्या सभागृहात ऑर्गन आणि चार सॅक्सोफोन असा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम ठरला. सॅक्सोफोनवाले लोहा गावचे, लग्नात बँड वाजवणारे. त्यांतले थोरले रहीमचाचा तरुणपणी कर्नाटकात राहून रागदारी शिकले होते, आणि ती त्यांनी आपल्या तीन पुतण्यांना दिली होती. ऑर्गनसाठी मला विचारणा झाली. सून नको नको म्हणत असताना मी होकार दिला.

“आई, कीबोर्ड नेऊ या. त्याला पाय लागत नाहीत,” ती म्हणाली.

“त्याला श्वासही लागत नाही,” मी म्हटलं. टेम्पोत ऑर्गन चढवताना तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी भूप घेतला. आलाप निभावला. ते चार सॅक्सोफोन एकमेकांत मिसळले की इतका मऊ आवाज यायचा, की वरातीत ऐकतो ते हेच वाद्य, यावर विश्वास बसेना. मध्यलयीची गत सुरू झाली आणि माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. उजव्या पायानं रेटत राहिले. स्वर उचकी लागल्यासारखे तुटायला लागले. मग तोही पाय थकला आणि भर सभेत ऑर्गन बंद पडला. बोटं पट्ट्यांवर तशीच होती. मनात म्हटलं, माय, एवढंच तर मागितलं होतं.

ते चौघे मात्र थांबले नाहीत. माझा अर्ध्यात सुटलेला पंचम त्यांनी धरून ठेवला. मग पांढऱ्या दाढीचे रहीमचाचा सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवून माझ्या पायाशी मांडी घालून बसले आणि माझी पावलं त्यांनी अलगद बाजूला केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडीलधाऱ्या माणसानं माझ्या पायाला हात लावायचा?

“फिकीर नका करू, ताई. तुमी बोटं चालवा. हवा म्या देतो.”

दोन्ही हातांनी ते भाता दाबू लागले, पण हाताला सवय वरातीच्या ठेक्याची. ऑर्गन असा गरजला की पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्या.

“चाचा, हळू. नवरदेव यायचाय अजून,” मी पुटपुटले. ते हसले, हात मंदावले आणि ऑर्गनचा आवाज सरळ लागला. पुतण्यांनी चाचांचे स्वर आपसात वाटून घेतले. भूप शेवटपर्यंत वाजला. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

नंतर प्रसाद घेताना मी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं?

“त्यात सुचायचं काय? वरातीत चालता चालता एकाचा दम तुटतो. बाजूचा त्याचा सूर उचलतो. आमच्यात असंच हाय.”

यात चमत्कार कुठला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. काय द्यायचं ते मागितलं होतंच, वर कसं द्यायचं तेही मीच ठरवून टाकलं होतं. माईनं ते मनावर घेतलं नाही, आणि फार बरं केलं. पाय अजून ओढावाच लागतो. हल्ली दिवेलागणीला सून खाली बसून हातांनी भाता दाबते. तिचे हात भरून आले की आम्ही थांबतो, चहा घेतो, पुन्हा बसतो. पाय धड होता तेव्हा मी एकटीच वाजवत होते.