काकांचं विमान हलेना

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका सावध माणूस भूम तालुक्यात झाला नाही आणि त्यांच्याइतका अवलियाही झाला नाही. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाल्यावर लोक पारावर बसतात नाहीतर देवाला लागतात. काकांनी विमान शिकायचं ठरवलं. मी वयाची आठवण करून दिली, तर म्हणाले, "बसला खड्डा चुकवायचा तर डावी-उजवी दोनच बाजू. हितं वर-खाली बी हाय. सोपंच की."

तयारी त्यांनी अशी धडाक्यात सुरू केली की घरादाराला घाम फुटला. फ्लाइंग क्लबचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पोथीसारखं पाटावर मांडलं गेलं. आठवडी बाजारात गेले की आधी पालांच्या ताडपत्र्या कुणीकडं फडफडतात ते पाहून वारा ठरवणार, मग विमान उतरतं तसं वाऱ्याकडं तोंड करूनच बाजारात शिरणार. त्यापायी एका मेथीच्या जुडीसाठी अख्ख्या बाजाराला वळसा पडे. विमानाच्या रेडिओवर प्रत्येक अक्षर एकेका शब्दानं सांगतात, हे वाचल्यापासून तर ते फोनवर कुणाशी सरळ बोलेनात. गॅसवाल्यांनी गावाचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी 'ब्राव्हो, हॉटेल, ऑस्कर, ऑस्कर, माइक' असं भूमचं स्पेलिंग खणखणीत आवाजात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दारात हॉटेलवाल्यांचा भलामोठा सिलिंडर येऊन उभा राहिला. डॉक्टरी तपासणीत मात्र डोळे, कान, रक्तदाब सगळं ठणठणीत निघालं. उलट काकांनीच डॉक्टरांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं.

अडलं होतं एका सहीवर. क्लबच्या अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती, त्याशिवाय पहिला धडा मिळणार नव्हता, आणि मावशी सही करेना. काकांनी आठवडाभर स्वतः चहा करून दिला. ती चहा प्यायली, पेनाला हात लावला नाही. मग तिला धीर यावा म्हणून त्यांनी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर सराव मांडला. खुर्चीभोवती फिरून तपासणी झाली, पट्टा म्हणून उपरणं बांधलं, तोंडानं इंजिनही सुरू केलं. पण विमान काही निघेना. कंडक्टरनं दोन बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही तीस वर्षांची सवय. "दोन बेल दे की," काका ओरडले. मावशीनं आतून देवघरातली घंटा एकदाच वाजवली. एसटीत एक बेल म्हणजे थांबायचं. सलग तीन दिवस हेच झालं आणि तिन्ही दिवस काकांनी मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

चौथ्या दिवशी मी मध्यस्थीला मावशीजवळ जाऊन बसलो. मला वाटलं होतं, ती विमान पडेल म्हणून घाबरत असेल. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पडायचं भ्या न्हाय रे. ह्यांनी सगळ्या जिल्ह्याला गाडीतनं फिरवलं. म्या माहेरी मुरुमला निघाले तरी दुसऱ्याच्या गाडीनं. आता आभाळात बी एकट्यानंच जायचं व्हय?"

माझी थट्टा तिथंच थांबली. इतकी वर्षं त्या घरी जेवतोय, पण मावशीला कुठं जावंसं वाटतं हे मीही कधी विचारलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली. अंगणात काकांनीही ऐकलं होतं. ते उपरणं सोडून आत आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. म्हणाले, "शिकाऊ असताना कुणाला नेता येत न्हाय. पक्कं लायसन मिळालं की पहिली शीट तुझी."

"किती दिस लागतील?"

"वरीस-दीड वरीस."

मावशीनं ताट बाजूला सारलं, पेन मागितलं आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. काकांनी तो अर्ज पाटावरच्या पुस्तकात जपून ठेवला. पुढच्या महिन्यात त्यांचा पहिला धडा आहे. काका साठीचे, मावशीचे गुडघे आताच कुरकुरतात. एवढं दीड वर्ष दोघांनी धडधाकट राहावं, बाकी माझं देवाकडं काही मागणं नाही.